पत्ता मागच्या बाजूला असतो

गुऱ्हाळं सुरू झाली की कोल्हापूरच्या माणसाला भूक लागते. मला राग येतो.

संध्याकाळी पंचगंगेच्या अंगाने वारा सुटतो. त्यात उकळत्या रसाचा गोड, किंचित करपट वास असतो, चुलवाणात जळणाऱ्या चिपाडांचा धूर असतो. शाळा सुटून घरी निघालेली मी, चौथीच्या वर्गाची बाई, चाळिशीला टेकलेली, दोन मुलांची आई, भर रस्त्यात दातओठ खायला लागते. बरोबरच्या बाई विचारतात, "काय हो, डोकं दुखतंय का?" मी हो म्हणते. गुळाच्या वासाने माझं पित्त खवळतं, असं या गावात सांगायची सोय नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा कापणीचा सण याच दिवसांत येतो. चर्चच्या खांबांना पानांसकट ऊस बांधलेले असतात. मेजापुढे नव्या गुळाची पहिली ढेप, म्हणजे आमच्याकडचा रवा, भाताच्या लोंब्या, भुईमुगाचे वेल, कुणाच्या परसातला भोपळा. कुणीतरी कोंबडी आणतंच. पाय बांधून बाकाखाली ठेवलेली ती कोंबडी नेमकी पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले की बोलू लागते. लहानपणी आम्हाला हा सण तिच्यासाठीच आवडायचा. उपासना संपली की मांडवात जेवण. आणि जेवणाआधी, पोटात कावळे ओरडत असताना, पत्रवाचन.

ही पद्धत आजोबा-पणजोबांच्या काळची. मिशनचं कुठलंही पत्र आलं की ते आधी कोल्हापुरात मंडळीपुढे वाचायचं, मग गारगोटीला पाठवायचं, तिथून पुढच्या वस्त्यांवर, शेवटी मलकापूरला. एसटीने कुणी त्या बाजूला निघालं की त्याच्या पिशवीत पत्र. तेव्हा पत्रं थोडी होती आणि वाचता येणारे त्याहून थोडे. एका पत्राने अख्ख्या जिल्ह्यातल्या आपल्या माणसांना एकत्र बांधावं, असा चांगला विचार त्यामागे होता. पद्धत वाईट नव्हती. आम्ही तिचं काय केलं, ते वाईट.

पत्र वाचायची मी. माझा आवाज खणखणीत. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, याकोबआबा. उंच, पांढऱ्या फेट्याचे, मंडळीचं सगळं लिहिणं-पुसणं त्यांच्याकडे. ते मला म्हणायचे, "मास्तरीण, तू वाचलंस की पत्र लिवणारा म्होरं उभा ऱ्हातोय बघ." मला ते ऐकून फार बरं वाटायचं. आज ती आठवण आली की कानशिलं तापतात.

कमलमावशी माझ्या आईची मैत्रीण. मिशनच्या दवाखान्यात नर्स. ठेंगणी, काळीसावळी, कुणाची भीड न ठेवणारी. बाळंतिणीचा नवरा बाहेर चकरा मारू लागला की ओरडायची, "पावणं, बसा की एका जागी! तुमी फिरून प्वार लवकर येत न्हाय!" लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणाऱ्यांना ती विचारायची, "तुमी करून काय मिळीवलं?"

तिच्या तोंडूनच एकदा ऐकलं की आफ्रिकेतल्या एका देशात, डोंगराच्या कुशीतल्या दवाखान्याला नर्स हवी आहे, पहिलटकरणी वाटेतच मरतात. आणि पुढच्याच वाक्यात, भाजीत मीठ किती घातलं हे सांगावं तसं ती म्हणाली, "म्या नाव दिलंय."

आमच्याकडे बाहेरून माणसं आली होती, इथून कुणी गेलं नव्हतं. शंभर वर्षं आम्ही घेणारे. साता समुद्रांपलीकडून मडमा यायच्या, आमच्या आज्यांना लिहायला शिकवायच्या, आमच्या आयांची बाळंतपणं करायच्या. आता पहिल्यांदा आमच्यातली एक बाई दुसऱ्या कुणाची बाळंतपणं करायला निघाली होती. सगळ्या मंडळीची मान दोन बोटं वर झाली. कोल्हापूर स्टेशनावर तिला पोचवायला ही गर्दी! हलगी होती, हार होते, गीतं होती. बाबूभाई शिंप्याने तिचे पांढरे सहा गणवेश रातोरात शिवून दिले होते, तो सुद्धा आला होता. गाडीने शिट्टी दिली तेव्हा याकोबआबांनी खिडकीत तोंड घालून सांगितलं, "कमल, घाबरू नगंस. आमी हाय की मागं!"

आमी हाय की मागं. हे चार शब्द मी अजून कुणाच्या तोंडून ऐकले की त्या माणसाकडे संशयाने बघते.

पहिलं वर्षभर तिची पत्रं आली. निळी हवाई पत्रं. एकाच कागदाच्या घड्या, आत मजकूर, बाहेर पुढे आमचा पत्ता, मागे तिचा. मी वाचायची, मंडळी डोलायची, पत्र गारगोटीच्या एसटीत बसायचं. सणाला याकोबआबांनी अभिनंदनाचा ठराव मांडला, टाळ्या झाल्या, ठराव वहीत उतरला. वही कपाटात गेली. ठरावाची प्रत तिला पाठवायची असते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ठराव हा वहीत राहण्यासाठीच असतो. दर रविवारी प्रार्थनेत तिचं नाव यायचं. आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले आणि परदेशी सेवा करणारी आमची भगिनी. इतकं सुरळीत की नाव घेताना कुणाला तिचा चेहरा आठवत असेल, याची मला शंका आहे.

प्रार्थनेची मी थट्टा करत नाही. माझ्या घरात दोन वेळा प्रार्थना होते. पण पोस्टाच्या पेटीत हात घालण्याऐवजी हात जोडून मोकळं व्हायचं, ही जी आपली खोड आहे ना, तिचा मला संताप येतो. देव तिच्याशी बोलत असेलच. पण कोल्हापूरच्या बोलीत "काय चाललंय गं बाई तुजं" असं विचारायला त्याने आम्हाला ठेवलं होतं, आणि आम्ही ते कामही त्याच्याच गळ्यात घातलं.

लहानपणी मी मिशनच्या बंगल्यावर आईबरोबर जायची. तिथे एक म्हाताऱ्या मडमसाहेब राहायच्या. तीस वर्षं इथे काढलेल्या. नाताळच्या आधी त्यांच्या व्हरांड्यातल्या लांब बाकावर पत्रंच पत्रं. त्या चष्मा लावून एकेक वाचायच्या, मध्येच एकट्याच हसायच्या, मध्येच पदर नसलेल्या झग्याच्या बाहीने डोळे पुसायच्या. मला वाटायचं, गोऱ्या माणसांना पत्रं येतातच, जशी आपल्याला थंडीत खोकल्याची उबळ येते. त्यांच्या गावात कुणी म्हातारी संध्याकाळचं काम आटपून, कागद ओढून, आज आमच्याकडे काय शिजलं हे लिहायला बसत असेल, असं मला कधी सुचलं नाही. त्या बाईंनी तीस उन्हाळे इथे कशाच्या बळावर काढले, हे त्या बाकावर आमच्या डोळ्यांसमोर पडलेलं होतं. आम्ही पाकिटांवरची तिकिटं तेवढी मागून घेतली.

चौथ्या वर्षी, ऐन सणाच्या आठवड्यात कमलमावशीचं पत्र आलं. मधली दोन वर्षं तिची पत्रं विरळ झाली होती. आम्ही म्हटलं, कामात असेल. हे पत्र मला पाठ आहे. मी ते पाठ केलं नाही, ते माझ्या अंगावर उमटलं आहे.

तिने लिहिलं होतं की आता वाटेत मरणाऱ्या बायका कमी झाल्या, दोन दोन दिवस चालून दवाखान्यात येतात. तिथली भाषा आली आहे, पण मराठी बोलायला कुणी नाही, म्हणून चुलीपुढे बसून स्वतःशीच कोल्हापुरी बोलते. आणि शेवटी हे: "माझी मुदत संपत आली. आणखी चार वर्षं राहा म्हणतात. मला राहायचं आहे. पण एकटीच्या जोरावर आता होत नाही. तुम्ही मागे आहात ना, तेवढं लिहून कळवा. दोन ओळी पुरेत. ईस्टरपर्यंत वाट बघते."

खांबांना ऊस बांधलेले, नव्या गुळाचा वास, बाकाखाली कोंबडी. मी 'दोन ओळी पुरेत'वर थांबले. जाणूनबुजून थांबले. कुठे थांबलं की लोकांचा गळा दाटतो हे मला ठाऊक होतं. आणि दाटला. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना केली. बाहेर पडताना माझ्याभोवती गराडा. "काय वाचलंस गं! काळजाला हात घातलास!" मी लाजले. जेवायला गेले. मटण चांगलं झालं होतं.

सोमवारी पत्र गारगोटीला गेलं.

त्या आठवड्यात मी ब्लाउज टाकायला बाबूभाईकडे गेले. मशीन न थांबवता त्याने विचारलं, "कमलबाईंचं पत्र आलतं म्हणं. काय लिवलासा मग तुमी?"

मी म्हटलं, "वडील लिहितील ना. मंडळीच्या नावाने जायला पाहिजे."

त्याने मशीन थांबवलं. "आमचा धाकला मस्कतला हाय. दर जुम्म्याला पत्र टाकतो म्या. काय लिवतो म्हायताय? म्हस व्याली. नळाला पानी न्हाय. अम्मीचा गुडघा दुखतोय. एका जुम्म्याला चुकलं तर त्यो तिथं जेवत न्हाय, बाई. वडलांची वाट कशाला बघताय? तुमास्नी लिवाय येतंय की."

खोटं सांगत नाही, त्या दिवशी मी घरी येऊन कागद घेतला. 'प्रिय कमलमावशीस सलाम' एवढं लिहिलं. मग मनात आलं, मंडळीच्या वतीने 'आम्ही मागे आहोत' म्हणणारी मी कोण? उद्या आबा म्हणतील, ही दीडशहाणी. शिवाय पत्ता? पत्ता त्या निळ्या कागदाच्या मागच्या बाजूला, आणि तो कागद गारगोटीत. येईल परत तेव्हा बघू. कागद मी वहीत ठेवला आणि सहामाहीचे पेपर तपासायला घेतले.

आबांना वाटलं, मास्तरीणबाई लिहितील, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. गारगोटीकरांना वाटलं, पत्र कोल्हापूरचं आहे, उत्तर कोल्हापूरच देणार. वस्त्यांवर वाटलं, एवढी मोठी माणसं असताना आपण कशाला मध्ये तोंड घालायचं. पण वाचलं सगळ्यांनी! गारगोटीत पत्रासाठी खास सभा झाली, चहा-चुरमुरे झाले. एका वस्तीवर म्हणे तीनदा वाचायला लावलं. प्रत्येक गावात रडले, प्रत्येक गावात प्रार्थना केली, आणि प्रत्येक गावाने पत्र जपून पुढच्या गावाला दिलं. एका बाईने जीव मुठीत धरून विचारलेला एक प्रश्न आम्ही जिल्हाभर पालखीसारखा मिरवला. उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

ईस्टर झाला. गुऱ्हाळं बंद झाली, रस उकळायच्या काहिली पालथ्या पडल्या. आणि मे महिन्याच्या अखेरीला कमलमावशी रिक्षातून उतरून आमच्या दारात उभी राहिली. बरोबर एक पेटी. तिचं पत्र तेव्हा अजून मलकापुरात होतं.

लोक काय म्हणाले? तेही ऐका. "हवा मानवली न्हाय." "वय झालं की." "एकटी बाई, किती दीस काढंल?" एक जण तर म्हणाला, "मडमांचं काम मडमांनीच करावं, आपल्यासनी न्हाय झेपत." याकोबआबांनी हार घातला. ती हार घालून घेऊन खाली बसली. आमच्या मंडळीत तिने एक शब्द काढला नाही, आणि आम्ही तिच्या गप्प बसण्याला नम्रता म्हणून मोकळे झालो.

मला राहवलं नाही. एका दुपारी ती आमच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं, "मावशी, तुझं पत्र मीच वाचलं होतं. सगळी मंडळी रडली."

शेंग फोडता फोडता ती म्हणाली, "रडली व्हय? मग हात मोडलं हुतं का समद्यांचं?"

मग खाली मान घालून ती सांगू लागली. पोस्टाची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. दवाखान्यापासून सडक तासाभराच्या वाटेवर. ती दर मंगळवारी, दर शुक्रवारी जायची. तिथल्या बायकांना आधी कळेना, मग कळलं. मग त्यांच्यातली एखादी पोटुशी बाई सुद्धा तिच्याबरोबर चालायची, नुसती सोबत म्हणून. गाडीवाला लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. ईस्टर झाल्यावर आणखी तीन शुक्रवार ती गेली. मग मिशनला कळवलं की मी येते.

"आता त्या दवाखान्यात कोण आहे?" मी विचारलं.

"कुलूप हाय."

"मग त्या बायका?"

तिने हातातली शेंग टोपलीत टाकली. "मला काय म्हाईत? त्या काय मला कळीवनार? त्यास्नी लिवाय येत न्हाय, बाई. तुमास्नी येत हुतं."

हे मला कुणी शिवी देऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी लिहायला शिकवून पोट भरते. शुद्धलेखन चुकलं की पोरांना दहा दहा वेळा लिहायला लावते. आणि एका बाईला 'राहा' एवढी दोन अक्षरं मी लिहिली नाहीत. पत्र मलकापूरहून पावसाळ्यात परत आलं, घड्यांवर फाटलेलं, एका कोपऱ्यावर काकवीचा डाग. मागच्या बाजूचा पत्ता तेवढा स्वच्छ होता. त्यावर कुणाचं बोट पडलं नव्हतं.

यंदा पुन्हा पत्र आलं आहे.

रूबेन. माझ्याच वर्गातून गेलेला. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत फिटर होता, पंपाचं काम डोळे मिटून करायचा. दोन वर्षांपूर्वी तो त्याच देशात, दुसऱ्या टोकाला गेला. मिशनच्या गावांतले बंद पडलेले पंप दुरुस्त करतो, तिथल्या पोरांना ते काम शिकवतो. कमलमावशीच्या वेळी दवाखाना होता, आता पाणी आहे. त्यालाही स्टेशनावर हलगी होती. त्यालाही 'आमी हाय की मागं' होतं.

गेल्या रविवारी सण झाला. ऊस, गुळाचा रवा, कोंबडी. याकोबआबा आता काठी टेकत येतात. त्यांनी माझ्या हातात निळा कागद दिला. मी वाचलं. रूबेनने काहीही मागितलेलं नाही. चार पंप सुरू झाले, एका गावात बायका पंपाच्या धारेखाली उभ्या राहून नाचल्या, असं लिहिलं आहे. आणि एकाच पानात तीनदा लिहिलं आहे, 'इथे सगळं ठीक आहे.' पोराचं चौथीपासूनचं अक्षर मला ओळखता येतं. तिसऱ्या 'ठीक'ला त्याचा हात थकला होता.

टाळ्या झाल्या. मागून एक तरुण उठला आणि म्हणाला, आता झेरॉक्स निघाली आहे, पत्राच्या प्रती काढून सगळ्या गावांना एकदमच पाठवू, म्हणजे महिने लागणार नाहीत. सगळ्यांना पटलं. आबा म्हणाले, "ब्येस! पर आतल्याच बाजूची काढ. भाईरच्या पत्त्यापायी कागद कशाला वाया घालवायचा?"

माझं डोकं सणकलं. म्हणजे पूर्वी एक एक गाव उत्तर देत नव्हतं, आता सगळी गावं एका दिवसात देणार नाहीत! मी तिथेच, मेजापाशी, नव्या गुळाच्या रव्याशेजारी उभी राहून बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की कमलमावशीच्या पत्राचं मी सांगितलं, कोणत्या गावात ते किती दिवस पडलं ते सांगितलं, माझ्या वहीतल्या त्या अर्ध्या ओळीचंही सांगितलं. "रडायला आपण सगळे पटाईत आहोत," मी म्हटलं, "पण ती रोज मागे वळून बघत होती, आणि मागे कुणी नव्हतं. आणि त्या दवाखान्याला लागलेलं कुलूप आपण इथे बसून लावलं. मी लावलं." कोंबडी सुद्धा गप्प होती. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "मास्तरीण," ते हळूच म्हणाले, "आता काय करायचं म्हंतीस?"

मी काही ठरवून उठले नव्हते. हातातला कागद मिटला, घड्या घातल्या आणि उलटा केला. पंधरा वर्षं खणखणीत आवाजात पत्रं वाचणाऱ्या बाईने ही बाजू कधी वाचली नव्हती. मी वर्गात शुद्धलेखन घालते तसा एकेक शब्द सावकाश सांगायला सुरुवात केली. रूबेनचं नाव. पोस्टाच्या पेटीचा क्रमांक. गाव.

बाकांवर चुळबुळ झाली. कुणी गीतांच्या पुस्तकाचं शेवटचं कोरं पान उघडलं, कुणी मुलाच्या खिशातली पेन्सिल मागितली, कुणी नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी देशाचं नाव मात्र माझ्या तोंडून भरभर निसटलं.

तिसऱ्या बाकावर कमलमावशी बसली होती. इतका वेळ तिने मान वर केली नव्हती. चष्मा नाकावर, मांडीवर पिशवी, पिशवीवर एक निळा कोरा कागद. तो तिने घरूनच आणला होता.

"हळू सांग की गं," ती म्हणाली, "लिवून घ्याय लागलोय न्हवं म्या."